पट्टीखालचं नाव

दूरचित्रवाणीवरच्या मैफलीत कीबोर्डच्या पाठीवर पुष्कळदा काळी चिकटपट्टी दिसते. तिच्याखाली कंपनीचं नाव असतं. कारण बहुधा व्यवहाराचं: प्रायोजक वेगळा, वाहिनीला फुकटची जाहिरात नको, किंवा वादकाचा करार भलत्याच कंपनीशी. तरीही या पट्टीने ऐकणाऱ्याचा फायदाच होतो, असं मला वाटतं. मुळात पाठीवरचं ते ठळक नाव वादकाला दिसतच नाही, ते आपल्यासाठी लिहिलेलं असतं. क्रेमोनाचा नामांकित व्हायोलिन-कारागीर स्त्रादिवारी मात्र नावाची चिठ्ठी व्हायोलिनच्या पोटात चिकटवी. फटीतून डोकावल्याशिवाय ती दिसत नाही. चिठ्ठी ही कारागिराची खूण, पाठीवरचं नाव ही दुकानाची पाटी. पाटीची ताकद मोठी. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेतल्या सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी बीटल्सना घरबसल्या पाहिलं. रिंगो स्टारच्या ड्रमवर ‘लडविग’ हे कंपनीचं नाव होतं, आणि पुढे त्या ड्रमना प्रचंड मागणी आली. त्या काळच्या टीव्हीच्या इवल्याशा स्पीकरमधून ड्रमच्या नादाचे बारकावे कितीसे कळले असतील?

नाव डोळ्यांतून कानात उतरतं. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसला ध्वनिशास्त्रज्ञ क्लोदिया फ्रित्झ आणि व्हायोलिन-कारागीर जोसेफ कर्टिन यांनी एक प्रयोग केला. तीन नवी व्हायोलिनं आणि तीन जुनी, त्यांत दोन स्त्रादिवारीची. २१ कसलेल्या वादकांनी गडद चष्मे लावून, अंधुक उजेडात ती वाजवली. जुन्या लाकडाचा वास ओळखू येऊ नये म्हणून अत्तरही लावलं होतं. घरी कोणतं न्याल, असं विचारल्यावर १३ जणांनी नवं वाद्य निवडलं. ही परीक्षा हॉटेलच्या खोलीत झाली, सभागृहात नव्हे, हा आक्षेप रास्त होता. म्हणून पुढे पॅरिसमध्ये नामवंत एकल वादकांना सभागृहातही वाजवायला दिलं, तरी सरशी नव्या वाद्यांचीच झाली. यावरून जुनी व्हायोलिनं सामान्य ठरत नाहीत. पण नाव ठाऊक असताना आपण जे ऐकतो, त्यात नादाचा वाटा किती आणि नावाचा किती, हे वेगळं काढता येत नाही, एवढं नक्की.

कुणी म्हणेल, जाणकार तर गिटारच्या नुसत्या आकारावरूनच कंपनी ओळखतो, मग पट्टीचा उपयोग काय? खरं आहे, पण बाकीच्यांचं लक्ष तरी पाटीवरून बोटांकडे जातं. दुसरा आक्षेप मला जड वाटतो: नाव झाकलं की वाद्य घडवणाऱ्यावर अन्याय होतो. आकाशवाणीवर साथीदारांची नावं सांगतात, तबला कुणी बनवला ते सांगत नाहीत. ते सांगावं, असं मलाही वाटतं. मात्र कारागिराची ओळख पटवायला अक्षरांपेक्षा नाद जवळचा. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिराचं कसब जवारीत, म्हणजे तारेच्या गुंजत्या नादात, ऐकू येतं. घोडीचा माथा तो कानसेने इतका हलका उतरता घासतो, की तार त्याला ओझरती चाटत राहते; तिच्याखाली सुती धागा केसभर सरकवला की नाद उमलतो. एकच तार छेडली तरी मागून वरचे स्वर एकेक करून उठतात. खर्जाच्या तारेतला गंधार ऐकू येईपर्यंत थांबा.