स्वागताध्यक्षीय भाषण : कापसावरील फवारणी आणि अल्पभूधारकांची सुरक्षा



परिषदेसाठी दूरदूरच्या गावांहून आलेल्या सर्वांचे परभणी नगरी मनःपूर्वक स्वागत करीत आहे. पूर्वी प्रभावतीनगरी म्हणून ओळखले जाणारे हे शहर सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचे आहे, गंगाखेडच्या संत जनाबाईंच्या जिल्ह्याचे मुख्य ठाणे आहे, आणि सरकारी नोकरी सांभाळून कविता-कादंबऱ्या लिहिणाऱ्या बी. रघुनाथांचेही (१९१३–१९५३) आहे. तरीही या नगरीने सर्वाधिक मिरवावे असे स्थान म्हणजे मेहबूब बाग होय. निजामाच्या राजवटीत १९१८ साली परभणीत प्रायोगिक शेतीक्षेत्र सुरू झाले, त्याच परंपरेत ही बाग कापूस संशोधनाचे केंद्र म्हणून वाढली आणि १९७२ साली येथे कृषी विद्यापीठ स्थापन झाले. येथील ‘परभणी तुराब’ या देशी वाणाचे नाव घेताना कोणत्याही परभणीकराचा ऊर भरून यावा.

परिषदेच्या विषयाशी या अभिमानाचा संबंध आहे. देशी कापूस मावा, तुडतुडे यांसारख्या रसशोषक, म्हणजे पानांतील रस शोषणाऱ्या, किडींना अधिक तोंड देतो, त्यामुळे त्यावर फवारण्या कमी लागतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील, म्हणजे मज्जासंस्थेवर आघात करणारी, औषधे श्वासावाटेच नव्हे तर त्वचेतूनही शरीरात शिरतात, आणि डब्यावरील लाल त्रिकोण अत्यंत विषारी औषधाची खूण असतो, हे प्रत्येक पंपधारकाला ठाऊक असले पाहिजे. परंतु आश्विनातील उन्हात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत पाठीवर पंप घेऊन फिरणाऱ्या मजुराला केवळ हातमोजे व मास्क वापरण्याचा उपदेश करणे पुरेसे नाही. फवारणीची गरजच कमी करणारे वाण, निंबोळी अर्क आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना पकडणारी साधने, त्याच्या बांधापर्यंत पोहोचली पाहिजेत.

निवासाच्या खोल्या अपुऱ्या पडल्या, काही पाहुण्यांना शाळांच्या वर्गांत उतरावे लागले, भोजनास विलंब झाला आणि मंडपातील पंखे सर्वांपर्यंत पोहोचले नाहीत, याबद्दल स्वागत समिती विनम्रपणे क्षमा मागते. धान्य देणारे मोंढ्यातील अडते, मंडपाचा भार उचलणारे जिनिंगचालक, गावोगावच्या पोळ्या-भाकऱ्या पाठविणारे महिला बचत गट, पाण्याचे टँकर देणारे नागरिक आणि रात्रभर राबलेले विद्यार्थी यांच्यावाचून ही परिषद उभी राहिली नसती. त्या सर्वांचे समिती ऋण मानते आणि अध्यक्षांना पहिले सत्र सुरू करण्याची विनंती करते.