यादीतलं नाव आणि दारातलं माणूस



लोकशाही, मतदान वर्तन आणि सार्वजनिक धोरण हा या परिषदेचा विषय. तीन संज्ञांत सगळा देश मावतो. अध्यक्षानं अशा वेळी लोकशाहीची व्याख्या सांगून सुरुवात करायची असते. ती मी करणार नाही, कारण तुम्हा विद्यार्थ्यांच्या बहुतेक लघुप्रबंधांचं पहिलं प्रकरण त्यातच जातं आणि पुढच्या कामाला दम उरत नाही. मी आज एकाच वस्तूबद्दल बोलणार आहे. ती प्रत्येक गावात आहे आणि मागितली तर मिळते. मतदारयादी.

एका भागाची, म्हणजे एका मतदान केंद्राची, यादी उघडून बघा. अनुक्रमांक, घर क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, लिंग. छपाई दाट. शेजारची दोन घरं यादीत कधी तीन पानांच्या अंतरानं येतात. पण या देशात कुणाला नागरिक म्हणून मोजलं आणि कुणाला नाही, याचा एवढा सविस्तर दस्तऐवज दुसरा नाही. आपलं संशोधन या यादीपाशी सुरू व्हावं आणि तिच्यातून निघून एकेका दारापर्यंत जावं, एवढंच मला सांगायचं आहे.

ही यादी तयार करणं किती अवघड होतं ते पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनं दाखवलं. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीसाठी सुमारे १७ कोटी ३० लाख मतदारांची नोंद करायची होती. नोंद करणारे दारात आले तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं की यादीत मतदाराचं स्वतःचं नाव हवं. सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं त्यामुळे यादीबाहेर गेली, मुख्यतः उत्तरेकडच्या राज्यांत. निर्णय कडक होता, पण मला तो आजही बरोबर वाटतो. पुढच्या निवडणुकीला त्यांतल्या कितीतरी जणी स्वतःच्या नावानं आल्या.

त्याच्याही आधी, जानेवारी १९१९ मध्ये, मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे सत्तावीस वर्षांचा एक प्राध्यापक साक्ष द्यायला उभा राहिला होता. लंडनचं शिक्षण अर्धवट ठेवून परतावं लागलेले बाबासाहेब आंबेडकर. मालमत्ता आणि कर यांच्या अटींवर मताधिकार ठरला तर अस्पृश्य समाज यादीतच येणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांना निवडू द्या, ही बाबासाहेबांची मागणी होती. त्याआधी तीन वर्षं, मे १९१६ मध्ये, त्यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. तो विद्यार्थ्याचाच निबंध होता. आज इथं निबंध वाचायला आलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं. विद्यार्थ्याचं संशोधन म्हणजे खऱ्या संशोधनाची रंगीत तालीम, असं कुणी म्हणालं तर मानू नका.

आपल्या राज्यात मतदारांच्या अभ्यासाची परंपराही जुनी आहे. पुणे विद्यापीठातल्या वसंतराव सिरसीकरांनी १९६२ च्या निवडणुकीत पुण्यातल्या मतदारांचा अभ्यास केला. त्याचं पुस्तक १९६५ मध्ये आलं. संगणक नाही, पैसा बेताचा. पुढे राजेंद्र व्होरा आणि सुहास पळशीकरांनी महाराष्ट्रातल्या १९९५ च्या सत्तांतराचा अभ्यास मराठीत पुस्तकरूपानं मांडला. ‘लोकनीती’ या संशोधन गटाची देशभरातली सर्वेक्षणं १९९० च्या दशकापासून चालू आहेत, आणि त्यांत दारोदार फिरणारे बहुतांशी तुमच्याच वयाचे विद्यार्थी असतात. त्या तक्त्यांमधला एकेक आकडा कुणीतरी चपला झिजवून आणलेला असतो.

अशाच एका सर्वेक्षणात मी एम.ए.चा विद्यार्थी असताना गेलो होतो. मराठवाड्यातलं गाव. यादीतून ठरावीक अंतरानं काढलेली पंधरा नावं माझ्याकडे होती. नाव बदलायचं नाही, घरात जो भेटेल त्याला विचारायचं नाही, ज्याचं नाव निघालं त्यालाच विचारायचं, हा नियम. मत कुणाला दिलं हे मात्र तोंडी विचारायचं नसतं. छापील नमुना मतपत्रिका हातात द्यायची, आपण तोंड फिरवायचं, त्या माणसानं खूण करायची, घडी घालायची आणि बरोबर आणलेल्या पेटीत टाकायची.

पंधरावं नाव एका साठीच्या बाईंचं होतं. दिवस मावळत आला होता, शेवटची एसटी सहाची. बाई आत चुलीपाशी होत्या. ओट्यावर बसलेला मुलगा म्हणाला, “आईला काय कळतंय त्यातलं? मी सांगतो, लिहा.” मी लिहिलं. गावातला सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, या प्रश्नाला त्यानं कापसाचा भाव सांगितला. फॉर्म पूर्ण भरला, सही घेतली आणि एसटी पकडली.

रात्री मुक्कामाच्या शाळेत आमच्या गटप्रमुख सरांनी फॉर्म मोजले. पंधरा. पेटीतल्या मतपत्रिका मोजल्या. चौदा. सर ओरडले नाहीत. “पंधरावं माणूस कोण?” एवढंच विचारलं. मी खरं सांगितलं. तो फॉर्म त्यांनी माझ्यासमोर फाडला आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं मला परत पाठवलं.

बाई अंगण झाडत होत्या. मी यादी काढली. त्या म्हणाल्या, “वाचून दाखीव बरं, काय लिवलंय माझं नाव.” मी वाचलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग पदराला हात पुसून माझ्यासमोर बसल्या. मतपत्रिकेची त्यांनी इतकी बारीक घडी घातली की ती पेटीच्या फटीतून अलगद आत पडली. गावातला सगळ्यात मोठा प्रश्न कोणता, असं विचारल्यावर त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “दारू.”

मत त्यांनी कुणाला दिलं ते मला माहीत नाही. पेटी तशीच पुढे गेली. पण कापूस आणि दारू यांच्यामध्ये एका रात्रीचं अंतर होतं आणि तेवढ्या अंतरात माझं खोटं संशोधन बसलं होतं. आज तुमच्यापैकी कुणी वसतिगृहाच्या खोलीत बसून पन्नास प्रश्नावल्या भरत असेल, तर तो अशा पन्नास माणसांचं तोंड बंद करत असतो. नव्या अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प सक्तीचा झाल्यापासून हा धोका वाढला आहे, आणि आम्ही शिक्षकांनी तो न पाहिल्यासारखं करणं थांबवायला हवं.

त्या बाईंचं उत्तर मला पुढे एका प्रश्नाकडे घेऊन गेलं, आणि तो मी आज तुमच्या हाती देणार आहे. आपल्या राज्यात एक मतदान असं आहे ज्यात उमेदवार नसतो. मतपत्रिकेवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. गावातलं दारूचं दुकान चालू राहावं असं वाटणाऱ्यांनी उभ्या बाटलीवर शिक्का मारायचा, बंद व्हावं असं वाटणाऱ्यांनी आडव्या. आधी २५ टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी तेवढ्यांनी, लेखी मागणी करायची. सह्यांची पडताळणी होते आणि मग मतदान. महाराष्ट्रातल्या बायकांनी या बाटलीसाठी मोर्चे काढले, दारोदार फिरल्या, घरातल्यांचा मार खाल्ला.

आता यातलं गणित पाहा. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा, महिलांचं मतदान आहे आणि यादीत १००० बायका आहेत. ७०० जणी आल्या. ४९० आडवी, २१० उभी. आलेल्यांपैकी ७० टक्के दुकानाविरुद्ध गेल्या, तरी ५०१ झाल्या नाहीत म्हणून दुकान चालू राहतं. जी आली नाही तिचं मत न टाकताच उभ्या बाटलीच्या बाजूनं धरलं जातं.

ही न आलेली कोण? इथे विद्यार्थ्यानं यादी घेऊन गावात शिरायचं. समजा, त्या १००० नावांपैकी ६० नावं अशी निघाली की त्यांतल्या काही जणी वारल्या आहेत, काहींची लग्नं होऊन त्या सासरी गेल्या आहेत आणि नाव कमी करायचा सात नंबरचा अर्ज कुणी भरलेलाच नाही. ती वगळली तर यादी ९४० ची होते आणि लागतात ४७१. आडव्या बाटलीकडे तर ४९० आहेत! म्हणजे ज्या बायका जगात नाहीत किंवा गावात नाहीत त्यांनी दुकान चालू ठेवलं. हे उदाहरण मी आकडे धरून मांडलं आहे. पण तुमच्या तालुक्यात ज्या गावांत असं मतदान झालं, तिथली यादी आणि निकाल शेजारी ठेवून, दारोदार जाऊन हे तपासता येतं. एक विद्यार्थी, एक गाव, दोन महिने. यात मतदान वर्तन आहे, सार्वजनिक धोरण आहे, आणि नियम बदलावा की आधी यादी दुरुस्त करावी हा खराखुरा वादही आहे. माझं मत विचाराल तर आधी यादी. निम्म्याची अट कडक असली तरी गावाच्या मोठ्या निर्णयाला मोठा पाठिंबा हवा यात मला चूक दिसत नाही. तुमच्यापैकी कुणी पुरावा आणून मला खोडून काढलं तर मी मत बदलेन.

याच्या उलटी गोष्ट ऊसतोडीची. इथे माणूस जिवंत आहे, नाव बरोबर आहे, पण अंग दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात आहे. बीडकडच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे मी सांगायला नको. २००९, २०१४ आणि २०१९ च्या विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात झालं, टोळ्या निघायच्या सुमारास किंवा त्याआधी. २०२४ चं मतदान २० नोव्हेंबरला होतं. तोवर दिवाळी उलटली होती आणि हंगाम तोंडावर आला होता. अशा वेळी कोण गावी थांबलं, कोण परत आलं, गाडी कुणाची होती, डिझेल कुणी घातलं? नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात; मग मतदानाला दोघं आली की एकटा तो? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देतं. पण ज्याच्या अंगावर मुकादमाची उचल आहे, ज्याचा खाडा पडला की पैसे कापले जातात, त्याच्यापर्यंत ते कलम पोचतं का? हे विचारायला फडातच जायला हवं, आणि मुकादम शेजारी उभा नसताना. आई चुलीपाशी आणि मुलगा ओट्यावर, ती माझी जुनीच अडचण इथेही आहे.

शहरातल्या मुलांना वाटत असेल की हे सगळं खेड्याचंच. तसं नाही. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची काही वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. गटाराचं झाकण बसवायला, दाखल्यावर सही घ्यायला लोक त्या काळात कुणाकडे गेले? आपल्या वॉर्डातल्या पन्नास घरांना एवढंच विचारा.

ग्रामसभेचं दप्तरही असंच बोलकं आहे. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती संख्या लागते. ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. एका ग्रामपंचायतीचं दहा वर्षांचं प्रोसिडिंग घेऊन बसा. मोठे ठराव भरल्या सभेत झाले की तहकूब सभेत, ते मोजा. सूचक-अनुमोदक तेच ते आहेत का, ते पाहा.

आणि रोजगार हमीचा हजेरीपट, हीदेखील यादीच. वि. स. पागे यांच्या विचारातून उभी राहिलेली ती योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाच्या रोजगार हमीच्या कायद्याला तिचा अनुभव कामी आला. हजेरीपटावरचं नाव आणि खणतीवरचे हात एकाच माणसाचे आहेत का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

एक गोष्ट आग्रहानं सांगतो. हे काम मराठीत लिहा. इंग्रजीतही लिहा, अवश्य लिहा, पण ज्या गावानं तुम्हाला चाळीस-चाळीस मिनिटं दिली, त्याला तुमचे निष्कर्ष त्याच्या भाषेत, ग्रामसभेत उभं राहून वाचून दाखवा. माणसांची नावं वगळा. त्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला आहे. लोक तिथेच तुमच्या चुका दाखवतील. “ते घर तसं नाही, त्या घरात दोन चुली आहेत,” असं कुणी सांगेल, आणि तुमचा अख्खा तक्ता नव्यानं मांडावा लागेल. मांडा. आणि ‘जनजागृती करणे आवश्यक आहे’ हे वाक्य शेवटच्या प्रकरणातून काढून टाका. मतदार झोपला आहे असं धरून निघालेल्या माणसाला जाग्या माणसाचं उत्तर ऐकू येत नाही.

गेल्या काही काळात मतदारयादीवरून राजकीय पक्षांमध्ये मोठा वाद चालू आहे. कुणाचं खरं, ते मी इथून सांगू शकत नाही आणि सांगणार नाही. पण एका भागाची, हजारेक नावांची यादी घेऊन पाच विद्यार्थी आठवडाभर फिरले, तर त्या एका भागापुरतं खरं काय ते पुराव्यानिशी सांगता येईल. यादी करणाऱ्या बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी असलेल्या, ताईंनाही भेटा. बऱ्याच ठिकाणी ते काम अंगणवाडी सेविकांकडे असतं. कुठल्या दाराला कुलूप आहे आणि का आहे, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

पहिलं सत्र सुरू व्हायची वेळ झाली आहे. मी दिवसभर इथेच आहे. तुमच्यापैकी ज्यांनी आपल्या भागाची यादी बरोबर आणली असेल, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत ती घेऊन माझ्याकडे यावं. ज्यांनी आणली नसेल, त्यांनी आपल्या गावाचं नाव आणि भाग क्रमांक कागदावर लिहून द्यावा. संध्याकाळपर्यंत आपण एकेकाचा पहिला प्रश्न ठरवू.