औषधाचा बेवड



अध्यक्षाने पहिली पाच मिनिटं आभारात घालवायची असतात. ती मी आज एका शब्दाला देतो: बेवड. आधीचं पीक जमिनीत जे काही मागे ठेवून जातं, त्याचा हिशेब आपल्या आजे-पणजांनी या तीन अक्षरांत बांधला. हरभऱ्याचा बेवड चांगला, हे कळायला त्यांना नत्राच्या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागल्या नाहीत. हा शब्द मला महाविद्यालयात कुणी शिकवला नाही. आज तो आठवतो, कारण पिकाबरोबर आता औषधाचाही बेवड मागे राहू लागला आहे.

पंधराएक वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातल्या एका कास्तकाराने हरभरा दाखवायला बोलावलं. शेंडे पिवळे, पेरं आखूड. मी धुऱ्यावरूनच निदान केलं: मर रोग. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मर असता तं ठिगळं ठिगळं गेलं असतं. हे तं पट्ट्यानं गेलं." खाली उतरून पाहिलं. खरंच पट्टे होते, पंप पाठीवर घेऊन माणूस जसा जातो-येतो तसे. जिथे एका फेरीवर दुसरी चढली तिथे पिवळं, आणि धुऱ्याशी, जिथे वळताना नोझल सुरूच राहतं, तिथे सर्वांत वाईट. झाड उपटलं तर बारीक मुळं बाटली धुवायच्या ब्रशासारखी आखूड. खरिपात सोयाबीनवर दोनदा तणनाशक फवारलं होतं, दुसऱ्यांदा उशिरा, आणि नंतर पावसाने दडी मारली होती. निदान त्यांचं होतं; माझ्याकडे फक्त पदवी होती.

आता कारणाकडे. सोयाबीनमधलं तणनाशक क्लोरीम्युरॉन-इथाईल घ्या. हेक्टरभर वावराला 9 ग्रॅम क्रियाशील घटक पुरतो. इतकं थोडं पुरतं, कारण ते वनस्पतीतलं एकच विकर अडवतं आणि काही अमिनो आम्लं तयार होणं थांबतं. जे ग्रॅमात काम करतं त्याचा मिलिग्रॅमातला उरलेला अंशही नाजूक पिकाला जाणवतो. क्लोरीम्युरॉनच्या गटातली औषधं आम्लधर्मी जमिनीत पाण्याशी क्रिया होऊन लवकर तुटतात. आपली काळी मात्र अल्कधर्मी, सामू बहुधा साडेसात ते साडेआठ. तिथे ती रेंगाळतात. सोयाबीनवरच्याच दुसऱ्या तणनाशकाचं, इमॅझेथापायरचं, नेमकं उलटं: ते आम्लधर्मी जमिनीत जास्त टिकतं, आणि ते फोडतात मुख्यतः जमिनीतले जीवाणू. म्हणजे परदेशातल्या मातीवर ठरलेलं पुढच्या पेरणीचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं चिकटवता येत नाही. त्याच सोयाबीनवरच्या दोन औषधांना एक नियमही लागू पडत नाही.

जीवाणूंना लागते ओल. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा वर्षी औषध जमिनीत नुसतं बसून राहतं. अमेरिकेतल्या मका पट्ट्याने हे आधीच अनुभवलंय: 1988 च्या दुष्काळात सोयाबीनवर मारलेलं इमॅझाक्विन पुढच्या वर्षीच्या मक्यात उमटलं.

घाबरवण्याचा माझा हेतू नाही. शिफारशीची मात्रा, वेळेवर फवारणी आणि बरा पाऊस असेल, तर सोयाबीननंतरच्या गहू-हरभऱ्याचं नुकसान चाचण्यांत सहसा दिसत नाही. तणनाशक बंद करा, असंही मी म्हणणार नाही. झडीत काळ्या जमिनीला वाफसा येत नाही, डवरा चालत नाही, आणि त्याच पंधरवड्यात निंदायला बाया सगळ्यांनाच हव्या असतात. हे ज्याने सोसलं नाही त्याने बांधावर उभं राहून उपदेश करू नये.

माझी तक्रार वेगळी आहे. आपण औषध पिकाच्या नावाने विकतो. पण ते राहतं जमिनीत, आणि जमिनीचं वर्ष सोयाबीन काढल्यावर संपत नाही. 2015 मध्ये आलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. गेल्या हंगामात काय फवारलं, याला तिथे रकाना नाही. याच नागपूर शहरात अमरावती रस्त्यावर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो आहे. देशाच्या मातीचे नकाशे तिथे होतात. सामू आणि चिकणमाती माहीत असेल तर औषध कुठे रेंगाळेल याचा अंदाज गावनिहाय बांधता येईल. तो बांधायला हवा, आणि औषधाच्या माहितीपत्रकावर 'यानंतर काय पेरू नये' ही ओळ ठळक मराठीत हवी. खुल्या अधिवेशनात मी हा ठराव मांडणार आहे.

तोवर कास्तकाराला आज करता येण्याजोगी एक गोष्ट. रब्बीच्या दोन आठवडे आधी वावरात आठ-दहा ठिकाणची वरची चार बोटं माती एकत्र करा. धुऱ्यावरची, जिथे फवारा पोहोचला नाही अशी माती वेगळी घ्या. दोन्हींत मोहरी किंवा काकडी टाका आणि सारखं पाणी द्या. वावरातली रोपं खुरटली, तर पेरणीआधी विचार करायला वेळ मिळतो. प्रयोगशाळेतलं यंत्र मातीत किती उरलंय ते सांगेल. रोपाला ते बाधतं का, हे रोपच सांगतं.

बाहेर व्हरांड्यात मी चार डबडी ठेवली आहेत. मोहरी टाकून आज दहावा दिवस. दोन वावरांची आणि त्यांच्या धुऱ्यांची माती आहे, पण कोणतं डबडं कशाचं ते लिहिलेलं नाही. चहाच्या सुट्टीत बघा आणि शेजारच्या वहीत आपला अंदाज टाका. ज्या कास्तकारांनी ही माती दिली, ते चार वाजता येऊन उत्तर सांगतील.