आधी वजाबाकी, मग गुणाकार

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘परदेशातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं. विषय मोठा आहे आणि वेळ वीस मिनिटं, त्यामुळे मी त्यातला एकच प्रश्न घेते. तो आपल्यापैकी अनेकांच्या घरी सध्या चालू आहे. आपली मुलं आता पंचविशीच्या पुढे पोचली आहेत. कुणाला जर्मनीतून पत्र येतं, कुणाला दुबईहून, कुणाला इंग्लंडहून. पत्रावर एक आकडा असतो आणि घरात तो आकडा रुपयांत करून बघितला जातो. मग पुढचे आठ दिवस त्या घरात दुसरा विषय नसतो.

गेल्या वर्षी आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीच्या मुलाचा मला फोन आला. “मावशी, मँचेस्टरला सॉफ्टवेअरची नोकरी मिळतेय. वर्षाला 56,000 पौंड. चांगले आहेत ना?” घरी हिशेब झालाच होता. पौंड 115 रुपयांचा धरला तर 64 लाख! जायच्या खर्चासाठी वाडीतला रस्त्याकडचा तुकडा विकायचं जवळजवळ ठरत आलं होतं. त्याच्या परवानगीने तो सगळा हिशेब आज तुमच्यासमोर मांडते. तुमच्याकडे पत्र येईल तेव्हा आकडे वेगळे असतील, पण रीत हीच लागेल.

गणिताच्या बाईंनी आपल्याकडून ‘कंचेभागुबेव’ घोकून घेतलं होतं. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज आणि सगळ्यात शेवटी वजाबाकी. बाई इथे बसल्या आहेत, त्यांची माफी मागून सांगते की परदेशी पगाराच्या बाबतीत हा क्रम उलटा लावायचा. आधी वजाबाकी, मग गुणाकार. घरोघरी होतं ते नेमकं याच्या उलट.

हे कळायला परदेशी जावं लागत नाही. माझे वडील तारापूर एमआयडीसीतल्या एका खासगी कारखान्यात होते आणि मामा अणुशक्ती केंद्रात. काही वर्षं दोघांचा पगार जवळपास सारखा होता. आमची बोईसरला भाड्याची खोली. डॉक्टर, औषधं, आमच्या फिया सगळं पगारातून जायचं. मामांना कॉलनीत क्वार्टर होतं, दवाखाना कॉलनीतला, मुलांची शाळा कॉलनीतली. महिनाअखेरीला आईच्या डब्यात काय उरायचं आणि मामीच्या डब्यात काय, हे आम्हा मुलांनाही दिसायचं. पगार सारखा, शिल्लक निराळी. आपल्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या वडिलांनी मुंबईची जास्त पगाराची नोकरी नाकारून इथलीच धरली, तीही याच हिशेबाने. लोकल डहाणूपर्यंत आली ती 2013 साली. त्याआधी शटल, पास आणि दिवसाचे पाच-सहा तास हे सगळं पगारातून वजा करूनच मुंबई परवडते का ते ठरायचं.

आता त्या मुलाचे 56,000 घेऊ. 2025-26 च्या नियमांनी इंग्लंडमध्ये पहिल्या 12,570 पौंडांवर आयकर नाही, पुढे 50,270 पर्यंत 20 टक्के आणि त्यावर 40 टक्के. त्याशिवाय नॅशनल इन्शुरन्स, त्याच टप्प्यांवर 8 आणि 2 टक्के. आयकर झाला 9,832 आणि इन्शुरन्स सुमारे 3,130. मग कामगाराच्या वाट्याची किमान पेन्शन वर्गणी. हे सगळं वजा जाता महिन्याला हातात येतात सुमारे 3,470 पौंड. बारा भाग केल्यावर 4,666 दिसतात, त्यातले बाराशे खात्यात येतच नाहीत.

नवरा-बायको आणि दोन वर्षांची मुलगी यांच्यासाठी आम्ही काटकसरीने धरलेला महिन्याचा खर्च असा होता. दोन खोल्यांच्या घराचं भाडं 1,500. कौन्सिल टॅक्स 170. ही आपल्याकडची घरपट्टीच, पण तिथे ती घरमालक नाही, राहणारा भरतो. वीज, गॅस, पाणी, इंटरनेट मिळून 270. किराणा 500. प्रवास 250. फोन, कपडे, किरकोळ 150. बेरीज 2,840. उरले 630 पौंड.

आता गुणाकार करायचा. 630 गुणिले 115, म्हणजे सुमारे 72,000 रुपये. यातून इथल्या फ्लॅटचा हप्ता 32,000, आईवडिलांना 20,000 आणि त्यांच्या आरोग्य विम्यासाठी महिन्याला 5,000 बाजूला. राहिले 15,000. त्यातूनच वर्षाकाठी तीन विमान तिकिटं काढायची. 64 लाखांपासून सुरुवात केली होती, हे लक्षात असू द्या.

मी त्याला विचारलं, “आता इथे दर महिन्याला किती उरतात?” तो आणि त्याची बायको दोघंही नोकरी करतात. हप्ता आणि आईवडिलांचं सगळं जाऊन 55,000 उरत होते. म्हणजे तिला तिकडे काम मिळेपर्यंत तो इथल्यापेक्षा कमी शिल्लक टाकणार होता. तिच्या व्हिसावर तिला काम करता येतं, पण ती कामाला लागली की मुलीच्या पाळणाघराची फी सुरू होते. ती फी आधी विचारल्याशिवाय दुसऱ्या पगाराचे स्वप्न बघू नये. मुलगी शाळेच्या वयाची झाली की सरकारी शाळा मोफत असते, तोवरचा काळ कठीण.

मित्रांनो, गुणाकार शेवटी का, याचं कारण सांगते. तिकडे मिळवलेल्या पैशाचे दोन भाग होतात. एक तिथल्या घरात खर्च होतो, दुसरा इथल्या घरी येतो, आणि दोन्ही भागांचे दर वेगळे आहेत. 2017 साली बाजारात डॉलर सरासरी 65 रुपयांना होता. त्याच वर्षासाठी जागतिक बँकेच्या तुलना कार्यक्रमाने काढलेला क्रयशक्तीचा दर होता 20.65 रुपये. म्हणजे अमेरिकेत सरासरी एका डॉलरला जे मिळतं ते भारतात साधारण साडेवीस रुपयांत मिळत होतं. तेव्हा जो डॉलर तिथेच भाड्यात गेला, त्याला 65 ने गुणून काही अर्थ नव्हता. जो डॉलर पालघरच्या बँकेत आला, त्याचे मात्र पुरे 65 झाले. भाव मिळतो तो शिल्लकीला.

आणखी एक फरक आयटीतल्या मुलांना सांगावासा वाटतो. ‘ऑनसाइट’ जाणं वेगळं आणि तिथला लोकल पगार घेणं वेगळं. ऑनसाइटमध्ये बहुधा इथला पगार इथल्या खात्यात जमा होत राहतो, पीएफ चालू राहतो आणि तिथल्या खर्चाला भत्ता मिळतो. लोकल पगार म्हटला की इथली नळी बंद. पत्रावरचा आकडा भत्त्यापेक्षा मोठा दिसतो, पण त्याला दोन घरं चालवायची असतात.

माझ्यापुढे हा प्रश्न 2011 साली आला. इंग्लंडमधल्या एका कंपनीने 28,000 पौंड देऊ केले. तेव्हाच्या 75 च्या दराने 21 लाख. नातेवाइकांनी पेढेसुद्धा मागितले! हातात येणार होते महिन्याला सुमारे 1,780 आणि खर्च जाऊन उरणार होते 300, म्हणजे साडेबावीस हजार रुपये. विरारच्या घराचा हप्ता आणि दोन्हीकडच्या आईवडिलांचं मिळून आम्हाला 34,000 लागत होते. शिवाय नवऱ्याची नोकरी सुटणार. मी नाही म्हटलं. “एवढी संधी कुणी सोडतं का?” असं बऱ्याच जणांनी ऐकवलं. 2013 मध्ये दुसरीकडून 36,000 आले, सोबत व्हिसा, तिकिटं आणि पहिल्या महिन्याची राहायची सोय. वर्षाला आठ हजार वाढले, पण हातात महिन्याला वाढले पाचशेच्याही आत. ते पाचशे आणि वाचलेला सुरुवातीचा खर्च यांनी पारडं फिरवलं. आम्ही गेलो, सहा वर्षं राहिलो आणि 2019 मध्ये परत आलो.

त्या सहा वर्षांत आम्ही एक डबा वेगळा ठेवला होता. त्याचं नाव तिकिटाचा डबा. त्यात कायम दोघांची अचानक काढायची तिकिटं निघतील एवढे पौंड असायचे. सुट्टीला, सोफ्याला, कशालाच त्याला हात लावायचा नाही. 2016 च्या पावसाळ्यात वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. रात्री फोन आला आणि सकाळी मी विमानात होते. मनोरच्या फाट्यावरून गाडी पालघरकडे वळली तेव्हा फोन येऊन पुरते दोन दिवसही झाले नव्हते. वडिलांनी मला ओळखलं. पुढे ते नऊ दिवस होते, त्यातले सगळे दिवस मी त्यांच्याजवळ काढले. म्हणून सांगते, पगार पुरतो का हे बघताना हा डबा खर्चात धरा. तो भरत नसेल तर पगार पुरत नाही, बाकी सगळं जमत असलं तरी.

प्रत्येक देशाची वजाबाकी वेगळी असते. इंग्लंडला जाताना व्हिसाच्या फीशिवाय आरोग्य अधिभार लागतो. 2015 साली तो सुरू झाला तेव्हा माणशी वर्षाला 200 पौंड होता. 2024 पासून मोठ्यांना 1,035 आणि मुलांना 776 आहे, आणि व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो. त्या मुलाच्या कुटुंबाला पाच वर्षांचे 14,230 पौंड होत होते, म्हणजे 16 लाखांच्या वर. वाडीचा तुकडा जाणार होता तो याच्यासाठी.

जर्मनीत 60,000 युरोचा पगार असेल तर एकट्या माणसाच्या हातात महिन्याला तीन हजारांच्या थोडं वर येतात. पण तिथल्या सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं जादा वर्गणीशिवाय येतात, आणि 2025 साली दर मुलामागे महिन्याला 255 युरो बालभत्ता होता. घर बघताना ‘थंड भाडं’ आणि ‘गरम भाडं’ असे दोन शब्द ऐकू येतील. थंड म्हणजे नुसत्या घराचं. गरम म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून. थंड भाड्याच्या तीन पटींपर्यंत अनामत मागता येते, आणि पुष्कळ घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा आपणच बसवायचा असतो. दुबईत पगारावर आयकर नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पण आपल्या मुलांना बहुधा खासगी शाळेतच घालावं लागतं, घरभाड्याचे पुढच्या तारखांचे चेक आधीच द्यावे लागतात, आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात, भत्त्यांवर नाही. म्हणून पत्रात मूळ पगार किती लिहिलाय ते नीट वाचा.

व्हिसासाठी सरकारने ठरवलेला किमान पगार मिळतोय म्हणजे भागेल, असंही समजू नका. तो आकडा सरकार स्वतःच्या धोरणासाठी ठरवतं. तुमच्या घरी किती माणसं आहेत आणि बोईसरच्या फ्लॅटचा हप्ता किती, हे त्या सरकारला ठाऊक नसतं.

आता त्या मुलाचं काय झालं ते सांगते. त्याने हिशेबाचा कागद पुढे ठेवून कंपनीला विचारलं. पगार वाढला नाही, पण त्याच्या स्वतःच्या अधिभाराचे 5,175 पौंड कंपनीने भरले. तो एकटा गेला, तिथे दुसऱ्या एका मुलाबरोबर घर वाटून राहिला. भाडं अर्ध्यावर आलं, इथे बायकोचा पगार चालू राहिला, आणि कुटुंबाच्या अधिभाराची रक्कम हळूहळू साठायला लागली. बायको आणि मुलगी या महिन्यात जात आहेत. मुलगी आता बापाला फोनवर ‘काका’ म्हणायला लागली होती, असं मैत्रीण सांगते. तीही एक वजाबाकीच, आणि ती कुठल्याच कागदावर मांडता येत नाही. पण वाडी शाबूत आहे.

माझं म्हणणं जाऊ नका असं नाही. जरूर जा, मुलांना पाठवा. आपले आईवडीलही कुठून कुठून बोईसर-पालघरला आलेच होते. फक्त पत्र आलं की आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवण्याआधी एक कागद घ्या. डाव्या बाजूला तिथलं घर, उजव्या बाजूला इथलं. दोन्ही घरं चालवून काही उरतं का ते बघा. उरत नसेल तर कंपनीशी बोला, थांबा, नाहीतर एकट्याने सुरुवात करा. कागद मांडताना अडचण आली तर मला सांगा. शनिवारी-रविवारी मी पालघरलाच असते.