रेणूच्या फांद्या



कोलाडकरांपुढे प्लॅस्टिकविषयी बोलायचे तर फार दूर जायला नको. मुंबईच्या वाटेवर नागोठण्याचा कारखाना आहे. पूर्वी तो सरकारी आयपीसीएलचा होता. ती कंपनी 2007 साली रिलायन्समध्ये विलीन झाली. तिथे इथिलीनपासून पॉलिएथिलीन तयार होते. आपल्या पिशव्या असल्याच मालाच्या.

वितळलेले प्लॅस्टिक गोल फटीतून वर ओढतात, आत हवा भरून फुगा करतात आणि त्याचीच पिशवी होते. माझ्या परिचयाच्या एका लहान कारखानदाराने दोन प्रकारची पोती आणली. प्रवाहीपणाचा आकडा दोन्हींवर एकच. एकाचा फुगा ताठ उभा राहिला, दुसऱ्याचा डोलू लागला आणि फाटला. "फसलो हो!" असे तो म्हणाला. फसवले कोणीच नव्हते. आकडा खरा होता, पण फांद्यांविषयी मुका होता.

वेळूंच्या भाऱ्यातला एक वेळू ओढा, तो निसटून येतो. कुंपणाच्या बोरीच्या काट्यांतली एक फांदी ओढा, सारा ढीग मागे येतो! सरळ रेणू मात्र वेळूसारखा ताठ नसतो. शेजाऱ्यांच्या गर्दीतून तो सापासारखा सरपटतो. ही कल्पना फ्रेंच शास्त्रज्ञ द जेन यांनी 1971 साली मांडली. असल्या रेणूची लांबी दुप्पट झाली की दाटपणा सुमारे दसपट होतो. लांब फांदी असली की सरपटणेच खुंटते. फांदीने आपले टोक सांध्यापर्यंत मागे ओढून घ्यावे, तेव्हा कुठे सांधा जरासा हलतो. म्हणून फुगा ताणताना जिथे तो पातळ होऊ लागतो, तिथेच गुंतलेल्या फांद्या ताणाला विरोध करतात आणि ताण दुसरीकडे वळतो. गंमत अशी की, हाच माल अरुंद फटीतून जोराने दाबला तर सहज वाहतो.

मात्र फांदी म्हटली की गुंता, असे समजू नका. इंग्लंडात 1933 साली प्रचंड दाबाखाली जे पॉलिएथिलीन प्रथम सापडले, त्या जातीत आखूड फांद्या पुष्कळ आणि लांब थोड्या असतात. गुंता करतात त्या या थोड्या. पुढे निघालेल्या सरळ जातीत चार-सहा कार्बनांच्या आखूड फांद्या मुद्दाम जोडतात. त्यांनी घनता उतरते, पण त्या इतक्या तोकड्या की कशात अडकतच नाहीत.

आमच्या मित्राचे दुसरे पोते या जातीचे होते. त्यात त्याने पहिल्यातला थोडा माल मिसळला आणि फुगा उभा राहिला. जास्त मिसळला तेव्हा पिशव्यांचा चिवटपणा गेला. आता तो प्रमाण तराजूवर मोजून घालतो.