एकाच धुऱ्यावरचे दोन कडुनिंब

हिंगणा तालुक्यात धुऱ्यावर कडुनिंब नाही, असं शेत शोधावंच लागेल. पण शेजारी-शेजारी उभ्या दोन झाडांच्या निंबोळ्यांतलं तेल सारखं असेलच असं नाही. एकाच्या मगजात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं तेल, तर दुसऱ्याच्या जवळपास निम्मं. तेलात ओलेइक आम्ल सर्वांत जास्त. स्टिअरिक, पामिटिक, लिनोलेइक त्यामागून. हे प्रमाणही झाडागणिक बदलतं. मात्र किडीला आवरतं ते ॲझाडिरॅक्टिन, आणि त्यातली तफावत तर कित्येक पट निघते. माती-पावसाचा हात असतोच, पण झाडाचा वंशही बघा: बी लावून आलेलं रोप हुबेहूब आईसारखं निघत नाही.

म्हणून पऱ्हाटीसाठी पाच टक्के अर्क करताना, म्हणजे १०० लिटर पाण्याला ५ किलो निंबोळीचा भरडा घेताना, एकाच झाडावर विसंबू नका. जून-जुलैत पिकून पिवळ्या झालेल्या निंबोळ्या वेचा, गर काढून बिया सावलीत वाळवा. बुरशी लागलेल्या बिया सरळ फेका. आणि फवारणी संध्याकाळीच करा. कडक उन्हात ॲझाडिरॅक्टिन टिकत नाही.