गोळ्या चालू आहेत, पिशवीचं काय?

(नामपूर येथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



२००४ साली सरकारी दवाखान्यांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली. तेव्हा कितीजणी म्हणायच्या, पोरं हाताशी येईपर्यंत जगले तरी पुरे. आज त्या आज्या झाल्यात. पण साठीकडे आलेली बाई म्हणून त्यांना कोण तपासतं?

माझ्या ओळखीच्या एक आक्का आहेत, विधवा. कांदा निवडायला जातात. इतक्या वर्षांत गोळ्यांचा खाडा नाही. पाळी जाऊन सात वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. चार महिने बोलल्या नाहीत. सुनेला दिसू नये म्हणून रात्री कपडे धुवायच्या. मी विचारलं, आक्का, डॉक्टरांना का नाही सांगितलं? म्हणाल्या, "ते गोळ्यांचं विचारतात. पिशवीचं कुणी विचारलंच नाही. अन्‌ या वयात विधवेनं काय सांगायचं?"

बायांनो, एचआयव्ही असलेल्या बाईला पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचा धोका इतर बायांच्या सुमारे सहापट असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं, अशा बाईची तपासणी पंचविसाव्या वर्षापासून, दर तीन ते पाच वर्षांनी करा. पन्नाशीनंतर लागोपाठ दोन तपासण्या चांगल्या आल्या तरच थांबा. आपल्यातल्या कितीजणींची एक तरी झाली?

शिबिरात पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून पांढरा डाग बघतात. पण पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, डोळ्यांना नीट दिसत नाही. वयस्कर बाईला एचपीव्हीची तपासणी जास्त उपयोगी. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून सव्वा लाखावर बायांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष आले: एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. (तुलनेसाठी एका गटाला तपासणीविना ठेवलं, त्यावर टीका झाली आणि ती व्हायलाच हवी होती.) म्हणजे उत्तर आपल्याच मातीतून मिळालंय, तरी ही तपासणी गावच्या बाईपर्यंत येत नाही. ती आपण मागायची, नाव घेऊन मागायची. एचआयव्ही आहे म्हणून कुणी हात लावायला नकार दिला, तर २०१७ चा कायदा आपल्या बाजूने आहे.

आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर शिबिराची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांना दाखवा.

आक्कांचा तुकडा तपासायला दिलाय. गुरुवारी रिपोर्ट आहे, मी सोबत जाणार. आणखी कुणाला दाखवायचं असेल तर सकाळच्या एसटीला या.